तोंडाला कोरड: वयाला दोष देण्याआधी औषधांचा डबा उघडा

आरोग्यविषयक लिखाण करणाऱ्याकडे ज्येष्ठ वाचकांचा आणि त्यांच्या मुलासुनांचा एक प्रश्न फिरून फिरून येतो. रात्री पाण्यासाठी तीनतीनदा उठावं लागतं, पोळीचा घास तोंडात घोळत राहतो, बोलताबोलता जीभ टाळ्याला चिकटते, कवळी सुटते. हे सगळं वयामुळंच ना? प्रश्न विचारणाऱ्यानं उत्तर आधीच ठरवलेलं असतं. त्याला फक्त ‘हो, चालायचंच’ एवढं ऐकायचं असतं.

तसं म्हणता येत नाही. वयाचा वाटा आहे, पण तो लोक समजतात त्याहून बराच कमी आहे. पंच्याहत्तरीच्या माणसाचं तोंड सतत कोरडं पडत असेल, तर बहुतेक वेळा त्यामागं शोधता येण्याजोगं आणि पुष्कळदा दुरुस्त करता येण्याजोगं कारण असतं. ते कसं शोधायचं, घरी काय करायचं, कुठं दाखवायचं आणि कशात पैसे घालवायचे नाहीत, ते इथं सांगतो आहे. उदाहरणं ग्वाल्हेरची आहेत, कारण इथला मे महिना आणि इथला जानेवारी हे दोन्ही कोरड्या तोंडाचे वैरी आहेत.

वयाचा वाटा किती?

लाळेच्या मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या असतात: कानापुढं गालात, जबड्याखाली आणि जिभेखाली. याशिवाय ओठ, गाल आणि टाळूच्या अस्तरात शेकडो बारीक ग्रंथी असतात. सगळ्या मिळून दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार करतात. खाताना येणाऱ्या लाळेत गालातल्या ग्रंथींचा वाटा मोठा असतो. एरवी तोंड ओलं ठेवण्याचं काम मुख्यतः जबड्याखालच्या ग्रंथी करतात. झोपेत हा झरा जवळजवळ थांबतो, म्हणून पहाटे तोंड थोडं कोरडं वाटणं कोणत्याही वयात स्वाभाविक आहे.

वय वाढतं तशा ग्रंथींमधल्या लाळ करणाऱ्या पेशी कमी होतात आणि त्यांच्या जागी चरबी व तंतू येतात. जबड्याखालच्या ग्रंथीत तरुणपणापासून म्हातारपणापर्यंत अशा पेशींचा सुमारे एक तृतीयांश भाग जातो. तरीही निरोगी, एकही औषध न घेणाऱ्या वृद्धांत जेवतानाची गालातल्या ग्रंथींची लाळ फारशी घटलेली आढळत नाही. विश्रांतीच्या वेळची लाळ मात्र काहीशी कमी होते.

याचं कारण असं, की तरुण ग्रंथीकडे स्वयंपाकघरातल्या दुसऱ्या, भरलेल्या सिलिंडरसारखा राखीव साठा असतो. वयानं तो दुसरा सिलिंडर जातो. चूल पेटतीच असते, पण एखादं औषध, ताप, जुलाब किंवा उन्हाचा तडाखा आला की मागं काही उरत नाही. तीच गोळी चाळिशीत सहज पचते आणि पंच्याहत्तरीत तोंडाचं वाळवंट करते, ती यामुळंच.

खरंच लाळ कमी आहे का, ते आधी पाहा

कोरड ‘वाटणं’ आणि लाळ खरोखर ‘कमी असणं’ या दोन गोष्टी दरवेळी एकत्र येत नाहीत. काहींना कोरड वाटते आणि तोंड तपासलं तर ते ओलं असतं. काहींची लाळ निम्म्यावर येते आणि दात किडेपर्यंत त्यांना पत्ताच लागत नाही. घरी एवढं बघा:

- कोरडी पोळी किंवा टोस्ट पाण्याचा घोट न घेता गिळता येतो का?
- आरशात जीभ पाहा. ती ओली, गुलाबी आहे की कोरडी, भेगाळलेली, चकचकीत?
- जिभेखाली लाळेचं छोटं तळं साचतं का? लाळ पातळ आहे की तार सुटणारी, फेसाळ?
- बोटानं गालाच्या आतून स्पर्श केला तर बोट सरकतं की चिकटतं?
- ओठांचे कोपरे फाटतात का? हिरड्यांजवळ, दाताच्या मुळाशी नवे तपकिरी डाग आलेत का?

दोनतीन उत्तरं वाकडी आली तर तपासून घ्या. दवाखान्यात लाळ मोजण्याची पद्धत अगदी साधी आहे: काही न चघळता १५ मिनिटं लाळ एका भांड्यात जमू द्यायची. मिनिटाला ०.१ मिलिलिटरपेक्षा कमी, म्हणजे १५ मिनिटांत दीड मिलिलिटरही जमली नाही, तर लाळ नक्कीच कमी आहे. या तपासणीला यंत्र लागत नाही, तरी ती फार क्वचित केली जाते. तुम्ही स्वतःहून मागा.

औषधांचा डबा उघडा

वृद्धांच्या कोरड्या तोंडाचं सर्वांत मोठं कारण या डब्यात असतं. शेकडो औषधांच्या दुष्परिणामांत कोरड्या तोंडाची नोंद आहे आणि औषधांची संख्या वाढते तसा त्रासही वाढतो. आपल्या घरांत नेहमी दिसणारी औषधं पाहा:

- सर्दी-ॲलर्जीच्या गोळ्या, विशेषतः क्लोरफेनिरामाइन असलेल्या. ‘साधी सर्दीची गोळी’ म्हणून मेडिकलवरून चिठ्ठीशिवाय आणल्या जाणाऱ्या मिश्र गोळ्यांत हे औषध बहुधा असतंच.
- झोपेसाठी किंवा पायांच्या आगीसाठी दिलेली ॲमिट्रिप्टिलीन.
- वारंवार लघवीसाठीची ऑक्सिब्युटिनिन, टोल्टेरोडिन, सोलिफेनासिन.
- कंपवातासाठी दिली जाणारी ट्रायहेक्सिफेनिडिल.
- पोटात मुरडा आला की घेतली जाणारी डायसायक्लोमिन.
- लघवी वाढवणारी औषधं: फ्युरोसेमाइड, टॉर्सेमाइड, हायड्रोक्लोरोथायाझाइड. ब्लड प्रेशरच्या जोडगोळीत यांतलं शेवटचं औषध लपलेलं असू शकतं.
- ब्लड प्रेशरची क्लोनिडिन, वेदनेसाठी ट्रामाडॉल, मनोविकारांवरची काही औषधं.
- दम्याचे आणि सीओपीडीचे इनहेलर. यांतल्या काहींनी कोरड पडते आणि स्टिरॉइड असलेल्यांनी तोंडात बुरशी धरते. स्टिरॉइडचा पंप घेतल्यावर प्रत्येक वेळी चूळ भरून थुंका.

या यादीतली पहिली पाच एका जातीची आहेत. मज्जातंतूंकडून ग्रंथींना जो ‘लाळ सोडा’ असा निरोप जातो, तोच ती अडवतात. आणि निरोप फक्त लाळेचा अडत नाही. कोरड्या तोंडाच्या जोडीला नवीन बद्धकोष्ठ, लघवी अडकणं, अंधुक दिसणं, गोंधळल्यासारखं वागणं किंवा तोल जाणं सुरू झालं असेल, तर डॉक्टरांना त्याच आठवड्यात दाखवा. आजोबा ‘आजकाल विसरायला लागलेत’ असं घरात बोललं जातं, त्यामागं कधीकधी तीन डॉक्टरांनी वेगवेगळ्या कारणांनी दिलेल्या अशा तीन गोळ्या असतात. लघवी मात्र अजिबात होत नसेल किंवा गोंधळ एकाएकी वाढला असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

आता करायचं काय, ते क्रमानं सांगतो.

१. घरातली सगळी औषधं एका पिशवीत भरा. सगळी म्हणजे सगळी: डोळ्यांचे थेंब, पंप, आयुर्वेदिक चूर्णं, शेजारच्या काकूंनी दिलेली पट्टीसुद्धा.

२. कागदावर तीन रकाने आखा: औषधाचं नाव, किती घेता, कधीपासून घेता. खाली कोरड कधी सुरू झाली ती तारीख, निदान महिना लिहा. दोन तारखा शेजारी आल्या की उत्तर बहुतेक दिसतंच.

३. पिशवी आणि कागद घेऊन एकाच डॉक्टरांकडे जा. तुम्हाला सर्वांत जास्त ओळखणारे फिजिशियन यासाठी उत्तम.

४. चार प्रश्न विचारा. हे औषध अजून लागतंय का? मात्रा कमी करता येईल का? कोरड कमी आणणारा पर्याय आहे का? वेळ बदलून उपयोग होईल का?

पर्याय खरोखर असतात. ॲलर्जीसाठी जुन्या गोळीऐवजी फेक्सोफेनाडिन, लघवीच्या घाईसाठी मिराबेग्रॉन (यात रक्तदाबावर नजर ठेवावी लागते). पण निवड डॉक्टरांची.

स्वतःच्या मनानं एकही औषध बंद करू नका. क्लोनिडिन अचानक सोडली तर रक्तदाब उसळतो. कंपवाताचं औषध तोडलं तर माणूस आखडतो. नैराश्याची गोळी एकदम थांबवली तर चक्कर, अस्वस्थता येते. कोरडं तोंड त्रासदायक आहे, पण त्यापायी अर्धांगवायू ओढवून घेणं हा सौदा नव्हे.

औषधांशिवायची कारणं

मधुमेह काबूत नसेल तर तहान आणि कोरड दोन्ही वाढतात, म्हणून पहिली रक्ततपासणी साखरेची. वृद्धांना तहानेची जाणीवच कमी होते, त्यामुळं ‘मला तहान लागत नाही’ याचा अर्थ शरीराला पाणी नको आहे असा घेऊ नका. नाक चोंदलं असेल, घोरण्याची सवय असेल, तर रात्रभर तोंड उघडं राहून सुकतं. तिथं उपचार नाकाचा करायचा.

एका आजाराचं नाव लक्षात ठेवा: श्योग्रेन सिंड्रोम. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लाळ आणि अश्रू ग्रंथींवर उलटते. रुग्णांमध्ये बायकांचं प्रमाण खूप जास्त आणि सुरुवात बहुधा मध्यमवयात होते. कोरड्या तोंडासोबत डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपणं, सांधेदुखी, थकवा आणि गालांची अधूनमधून सूज असेल, तर संधिवाततज्ज्ञांना दाखवा. रक्तात एसएसए प्रतिपिंडं तपासतात आणि लागल्यास ओठाच्या आतल्या बारीक ग्रंथीचा तुकडा काढून पाहतात. ‘रजोनिवृत्तीनंतर असं होतंच’ म्हणून घरोघरच्या मावश्या हा आजार वर्षानुवर्षं अंगावर काढतात, ते थांबायला हवं.

तंबाखू, गुटखा, सुपारी यांबद्दल उपदेश करत बसत नाही. एवढंच सांगतो: तोंड कोरडं आहे, तिखट सोसत नाही आणि तोंड पूर्वीइतकं उघडत नाही, ही तीन लक्षणं एकत्र असतील तर तो लाळेचा प्रश्न नसून सुपारीनं आखडलेल्या अस्तराचा असू शकतो. तो कर्करोगाच्या वाटेवरचा आजार आहे. तोंड तज्ज्ञांकडून तपासून घ्या.

डोकं-मानेच्या कर्करोगासाठी किरणोपचार ठरले असतील, तर ते सुरू होण्याआधी दंतवैद्याकडे जा. ग्वाल्हेरात मांढरेच्या माता मंदिराजवळच्या कॅन्सर पहाडीवर किंवा अन्य कुठंही उपचार घेत असाल, तरी हा क्रम बदलू नका. काढायचे दात आधी काढून जखम भरू द्यावी लागते. किरण घेतलेल्या जबड्यातला दात नंतर काढला तर हाड सडण्याचा धोका असतो. आणि डॉक्टरांना विचारा, की गालातल्या ग्रंथींना वाचवून किरण देता येतील का. आधुनिक तंत्रानं पुष्कळदा देता येतात, पण आखणी एकदा झाली की मग विचारून उपयोग नाही.

इथला उन्हाळा, इथला हिवाळा

मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांपुढं जातो आणि लू वाहते. या दिवसांत लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्या ज्येष्ठांनी एप्रिलच्या अखेरीसच डॉक्टरांना भेटून विचारावं: उन्हाळ्यात मात्रा तीच ठेवायची का? वाळ्याच्या ताट्यांचा कूलर कोरड्या उन्हात तोंडाला एसीपेक्षा बरा, कारण तो हवेत ओल सोडतो. टाकीचं पाणी मात्र वरचेवर बदला. हिवाळ्यात उलटं होतं. बंद खोलीत हीटर लावून झोपलं की हवा सुकते, थंडीत पाणी प्यायलं जात नाही आणि सर्दीच्या गोळ्यांचा हंगामही तोच.

आणि गजक. ग्वाल्हेरात राहून हिवाळ्यात गजक खाऊ नका असं सांगणारा लेख कोणी वाचणार नाही, मीही सांगत नाही. पण ती जेवणानंतर एकदाच खा, वर पाण्यानं खळखळून चूळ भरा. दुपारभर डब्यातून तुकडा तुकडा मोडून खाणं टाळा. कमी लाळेच्या तोंडात चिकट गूळ तासन्‌तास दातांना धरून बसतो आणि दिवसात किती वेळा गोड खाल्लं, याचा किडीशी संबंध किती खाल्लं यापेक्षा जास्त असतो. सारखा थोडाथोडा गोड चहा पिणाऱ्यांनाही हेच लागू.

घरी करता येण्यासारखं

- दिवसभर घोट घोट पाणी प्या. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळं पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल तर त्याहून जास्त पिऊ नका, चूळ भरून थुंका. तोंड तेवढंच ओलं होतं.
- चावा. चावणं हा लाळेचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. दात असतील तर काकडी, गाजर. नसतील तर नीट बसणारी कवळी लावून जेवा. ‘दात नाहीत, आता नुसती खीर द्या’ हा प्रेमळ निर्णय ग्रंथींना आणखी आळशी करतो.
- साखर नसलेलं, झायलिटॉलचं च्युइंगम चालेल. कवळी असेल तर गमऐवजी साखरविरहित गोळी चघळा. घरात कुत्रा असेल तर झायलिटॉल त्याच्या तोंडी लागू देऊ नका, त्याला ते विषारी आहे.
- ताटात ओलावा वाढवा: साधं वरण, कढी, ताक, आमटीत कुस्करलेली पोळी, भातावर तूप. चिवडा, पापड, टोस्ट एकटे खाऊ नका. ताकात मीठ घालताना ब्लड प्रेशर आठवा.
- एक कप कोमट पाण्यात पाव चमचा खाण्याचा सोडा घालून दिवसातून दोनतीनदा चूळ भरा आणि थुंका. चिकटपणा आणि आंबटपणा दोन्ही कमी होतात.
- अल्कोहोल असलेले झणझणीत माउथवॉश वापरू नका. ते आणखी सुकवतात.
- रात्रीसाठी उशाशी मोठा तांब्या ठेवण्यापेक्षा तोंड ओलं ठेवणारा जेल किंवा स्प्रे झोपताना लावा. रात्री पाणी जास्त प्यायलं की लघवीला उठावं लागतं आणि ज्येष्ठांचं अंधारात पडणं कोरड्या तोंडापेक्षा फार महागात जातं.

आंबटाचं वेगळं सांगायला हवं. हजिऱ्याला तानसेनच्या समाधीपाशी जे चिंचेचं झाड आहे, त्याची पानं चावली की गळा सुरेल होतो, ही समजूत गाणाऱ्यांत पिढ्यान्‌पिढ्या आहे. सुराचं मला सांगता येणार नाही, पण आंबट चव जिभेवर पडताच लाळ सुटते, हे शास्त्रानं पक्कं आहे. लाळ सुटली की तोंड आणि घसा ओलावतो. आवळा, लिंबू, कोकम यांचाही तोच गुण. मात्र लाळ कमी असलेल्या तोंडात आम्ल धुऊन जात नाही, त्यामुळं दिवसभर लिंबाची फोड किंवा आवळा सुपारी चघळली तर दातांचं कवच झिजतं. स्वतःचे दात असतील तर आंबट फक्त जेवणाबरोबर आणि त्यानंतर अर्धा तास ब्रश नको. पूर्ण कवळी असणाऱ्यांना ही मर्यादा नाही. तोंडात छाले असतील तर मात्र सर्वांनीच आंबट टाळावं.

दात आणि कवळी

लाळ केवळ ओलावा देत नाही. ती आम्ल मारते, दातांना कॅल्शियम परत पुरवते, जंतूंना आवर घालते. ती आटली की साठ वर्षं टिकलेले दात दोन वर्षांत मुळापासून किडू शकतात. वयानं हिरड्या खाली सरकलेल्या असतात, दाताचं मऊ मूळ उघडं पडलेलं असतं आणि कीड नेमकी तिथं लागते. दुखत नाही, म्हणून कळत नाही.

म्हणून टूथपेस्टवर फ्लोराइड लिहिलेलं आहे का, ते वाचून घ्या. बाजारातल्या अनेक ‘नैसर्गिक’ पेस्टांत आणि मंजनांत ते नसतं. राखुंडी, मीठ-कोळसा यांनी उघडं मूळ खरवडलं जातं. रात्रीच्या ब्रशनंतर फेस थुंका, पण पाण्यानं खळखळून धुऊ नका. थोडं फ्लोराइड दातांवर राहू द्या. दंतवैद्याकडे दर तीन ते सहा महिन्यांनी जाऊन फ्लोराइडचा लेप लावून घ्या. कोरड्या तोंडाच्या माणसानं एकाच गोष्टीवर पैसे खर्च करायचे ठरवलं, तर ते या लेपावर करावेत असं माझं मत आहे.

कवळी टाळूला धरून राहते ती लाळेच्या पातळ थरामुळं. ती सैल वाटू लागली म्हणजे कवळीच बिघडली असं नाही. नवी करून घेण्याआधी लाळ तपासा. लावण्यापूर्वी कवळी पाण्यात बुडवून ओली करा. रात्री काढून पाण्यात ठेवा, गरम पाण्यात नको, ती वाकते. कवळीखाली लाल चट्टे, जळजळ, ओठांच्या कोपऱ्यांत चिरा असतील तर ती बुरशी असू शकते. औषध तोंडासाठी आणि साफसफाई कवळीची, दोन्ही एकदम व्हावं लागतं.

जिभेखाली ठेवायच्या गोळीबद्दल

हे फारसं कोणी सांगत नाही. हृदयरोग्याला छातीत कळ आली की जिभेखाली सॉर्बिट्रेटची गोळी ठेवतात. ती विरघळायला लाळ लागते. तोंड ठणठणीत कोरडं असेल तर ती तशीच पडून राहते. आधी पाण्याचा एक घोट घेऊन तोंड ओलं करा, मग गोळी जिभेखाली ठेवा, आणि बसून घ्या. पाच मिनिटांत कळ कमी झाली नाही तर १०८ ला फोन करा. हाडांसाठीची अलेंड्रोनेटसारखी गोळीही कोरड्या घशात अन्ननलिकेला चिकटून व्रण करते. ती पूर्ण पेलाभर पाण्याबरोबर घ्या आणि निदान अर्धा तास आडवं होऊ नका.

गालाला किंवा जबड्याखाली सूज आली तर

एका बाजूची सूज दिसली की ‘गालगुंड’ म्हणून लेप लावून वाट पाहिली जाते. म्हातारपणी गालगुंड क्वचित होतं. सूज कशी येते ते बघा:

- जेवताना फुगते, तासाभरात ओसरते: नळीत खडा असण्याची शक्यता. असे खडे बहुतेक जबड्याखालच्या ग्रंथीत होतात. भरपूर पाणी, कोमट शेक, हलका मसाज आणि सोनोग्राफी.
- लाल, गरम, दुखरी, सोबत ताप, तोंडात पू: ग्रंथीत जंतुसंसर्ग. ऑपरेशननंतर किंवा खाणंपिणं तुटलेल्या वृद्धात हा झपाट्यानं वाढतो. त्याच दिवशी डॉक्टर.
- दुखत नाही, पण गाठ हळूहळू वाढते: कान-नाक-घसा तज्ज्ञ. गालातल्या ग्रंथीच्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, पण ते सुईची तपासणी ठरवते, आपण नाही.
- गाठीबरोबर चेहऱ्याची एक बाजू लुळी, किंवा गाठ एकदम वाढली, बधिर झाली: थांबू नका.

लाळ गळते तेव्हा

उलटी तक्रारही येते: आजोबांच्या तोंडातून लाळ गळते, उशी भिजते. बहुतेक वेळा लाळ जास्त झालेली नसते, ती गिळली जात नसते. कंपवातात नेमकं हेच होतं. अशा वेळी लाळ सुकवणारी गोळी मागण्याआधी गिळण्याची तपासणी मागा, कारण न गिळलेलं श्वासनलिकेत उतरलं तर न्यूमोनिया होतो. आणि अचानक एका कोपऱ्यातून लाळ गळू लागली, तोंड वाकडं झालं, शब्द अडखळले, तर तो पक्षाघात समजा आणि घड्याळात वेळ पाहून ताबडतोब रुग्णालय गाठा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.

कोणाकडे जायचं, काय मागायचं

पहिली भेट फिजिशियनची: औषधांची फेरतपासणी, साखर, थायरॉइड, मूत्रपिंडाच्या तपासण्या. दुसरी दंतवैद्याची. सूज असेल तर कान-नाक-घसा विभाग. ग्वाल्हेरकरांना लष्कर भागातल्या जयारोग्य रुग्णालयात, म्हणजे १९४६ साली सुरू झालेल्या गजराराजा मेडिकल कॉलेजच्या संलग्न रुग्णालयात हे विभाग मिळतात. शहरात दंत महाविद्यालयंही आहेत, तिथं खर्च खासगी दवाखान्यापेक्षा कमी येतो. बाहेर पडणं कठीण असेल तर ई-संजीवनीवर घरबसल्या मोफत सल्ला मिळतो, पण दात आणि गाठ मोबाइलवरून तपासता येत नाहीत.

ग्रंथींत थोडी जान शिल्लक असेल तर पिलोकार्पिनसारखी लाळ वाढवणारी गोळी डॉक्टर देऊ शकतात. तिनं घाम सुटतो, लघवी वाढते. काबूत नसलेला दमा आणि विशिष्ट प्रकारचा काचबिंदू असलेल्यांना ती चालत नाही. कृत्रिम लाळेचे स्प्रे-जेल सुरक्षित आहेत, पण परिणाम तासा-दोन तासांचा. आधी लहान बाटली घेऊन बघा. स्वतःचे दात असतील तर आंबट चवीचा स्प्रे घेऊ नका.

तुमचे हक्क

- सरकारी रुग्णालयांत ज्येष्ठांसाठी वेगळी रांग असावी, ही तरतूद २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातच आहे. रांग नसेल तर मागणी करा.
- औषधाचं जेनेरिक नाव वाचता येईल अशा अक्षरात लिहून मागा. औषधं जनऔषधी केंद्रातून घ्या किंवा अन्य दुकानातून. रुग्णालयाच्याच दुकानातून घेण्याची सक्ती करता येत नाही.
- भरती झाला असाल तर कागदपत्रं मागितल्यापासून ७२ तासांत मिळायला हवीत. दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला घेणं हाही तुमचा हक्क आहे.
- ७० वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारतखाली वर्षाला कुटुंबामागं ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. २९ ऑक्टोबर २०२४ पासून यासाठी वय वंदना कार्ड निघतं, आधार पुरेसं होतं, चौकशी १४५५५ वर. सीजीएचएस किंवा ईसीएचएसचे लाभार्थी असाल तर दोन्हींतलं एक निवडावं लागतं.
- पण नीट समजून घ्या: हे कार्ड भरती होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. ओपीडीतली तपासणी, स्प्रे, फ्लोराइडचा लेप, कवळी त्यात बसत नाही. खासगी विम्यातही दातांचे उपचार बहुधा वगळलेले असतात. पॉलिसीतला तो परिच्छेद खर्च करण्याआधी वाचा.
- पैसे घेऊन सेवेत कसूर झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. बिलं आणि चिठ्ठ्या जपून ठेवा. त्यांच्याशिवाय तक्रार उभी राहत नाही.
- एकटे राहत असाल आणि रुग्णालयापर्यंत नेणारं कोणी नसेल, तर एल्डरलाइन १४५६७ वर मार्गदर्शन मिळतं.